सुखनिवासातली कुळथाची कचोरी

१

सुखनिवास उपाहारगृहाच्या माळ्यावर पेटी सापडली ती दोन हजार तीन सालच्या फेब्रुवारीत. हाटेल बंद पडून तोवर चौतीस वर्षं लोटली होती. राम आळीच्या तोंडाशी असलेली ती इमारत पाडून तिथं गाळे व्हायचे होते. गडी कौलं उतरवत होते आणि कोठीच्या खोलीवरच्या माळ्यात, फुटक्या बरण्यांच्या मागं, त्यांना एक पत्र्याची पेटी दिसली. झाकणाच्या आत कुणीतरी खिळ्यानं नाव कोरलं होतं. चिमा आग्रे.

ठेकेदार हातखंब्याचा होता. तिठ्यावर भजी-कचोरीची टपरी चालवणारी राही ही चिमाची मुलगी, हे त्याला माहीत होतं. त्यानं पेटी तिला नेऊन दिली. तिसऱ्या दिवशी ती पेटी कमरेवर घेऊन राही एसटीतून उतरली आणि मनस्विनी करमरकरांच्या पायरीवर येऊन बसली.

मनस्विनीबाई जिल्हा कोर्टात लघुलेखिका होत्या. चौतीस वर्षं त्यांनी लोकांचे जबाब उतरवून घेतले होते. गेल्या साली निवृत्त झाल्या, लग्न केलं नव्हतं, घरात दुसरं माणूस नव्हतं. अर्ज लिहून घ्यायला, कागद वाचून घ्यायला गावागावांतून लोक त्यांच्याकडे येत. राहीचाही एक अर्ज मागं त्यांनीच लिहिला होता.

"आज काय लिहायचंय?" त्यांनी विचारलं.

"लिवायचं काय नाय, बाई. बगायचंय." राहीनं पेटी उघडली. दोन लुगडी, एक लाकडी फणी, एक कापडी पुरचुंडी आणि सगळ्यांत वर आठ वर्षांच्या पोरीच्या मापाचा परकर. अर्धा काठ दुमडून शिवलेला होता. पुढच्या टाक्याला सुई तशीच टोचलेली, गंजून कापडाला चिकटलेली.

"माजी आवस खलाशाबरोबर पळून गेली म्हणतात. तुमी कोर्टात लय माणसं बगितलीत. पळून जाणारी बाई सुई अशी टोचून ठेवते?"

मनस्विनीबाईंनी सुईला बोट लावलं. बाहेर चार दिवस मळभ धरलं होतं. आंब्याचा मोहोर करपत चालला होता आणि सगळ्या आळीत बागायतदारांची तोंडं उतरली होती.

२

चिमाची गोष्ट सगळ्या पंचक्रोशीला पाठ होती. विधवा बाई, पोर आजीपाशी ठेवून रत्नागिरीत रावजी फडणिसांच्या सुखनिवासात भांडी घासायची. कोठीच्या खोलीत राहायची, सणावाराला गावी जायची. सदुसष्ट साली डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतर चारच दिवसांनी ती बाबल्या नावाच्या खलाशाबरोबर बोटीनं मुंबईला निघून गेली, असं रावजींनी तिच्या भावांना सांगितलं. बाबल्या त्या दिवशी बोटीवर चढलेला बंदरात दहाजणांनी पाहिला होता. राहीला पुढं सगळं आयुष्य 'पळालेलीची पोर' म्हणूनच काढावं लागलं. तिला स्थळ मिळालं तेही दोन मुलांच्या बापाचं.

"आणि मना आवशीचं काय आठवतं सांगू?" राही म्हणाली. "कचोरी. गावी येताना पानात बांदून आणायची. जिबेला मुंग्या यायच्या. वीस वर्षं करून बगतेय, जमत नाय."

सुखनिवासातली कुळथाची कचोरी मनस्विनीबाईंनाही आठवत होती. भाजलेल्या कुळथाचं भरड पीठ, ओलं खोबरं, गूळ, मिरची. वर खुसखुशीत पारी. आणि शेवटच्या घासाला जीभ अशी झिणझिणून यायची की लगेच दुसरी मागवावीशी वाटे. गावातल्या कितीतरी सुगरणींनी ती करून पाहिली होती. सगळं जुळे, ती झिणझिण तेवढी येत नसे.

"ह्या पुरचुंडीत काय आहे?"

"ती व्हय? तिरफळं." राहीनं गाठ सोडली. फाटक्या तोंडाची, काळपट, वाळलेली फळं. वास कधीच उडाला होता. पुरचुंडी अर्धी भरलेली होती. "म्हावऱ्याच्या आमटीत घालतो आमी."

मनस्विनीबाईंनी एक फळ उचलून हातावर घेतलं.

"राही, 'ब्राह्मणी खाद्यपदार्थ' अशी पाटी होती त्या हाटेलावर. तिथं मासळी शिजत नव्हती. मग भांडी घासणाऱ्या बाईला तिरफळं कशाला लागत होती?"

राही त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली, पदर खोचला आणि विचारलं, "कुळीथ हायत घरात?"

कुळीथ होते. तिरफळं तिनं बाजारातून ताजी वाळवलेली आणली, आतल्या काळ्या बिया काढून टाकल्या, नुसती टरफलं कुटून सारणात घातली. दोन घाणे वाया गेले. तिसऱ्याची कचोरी मोडून दोघींनी तोंडात टाकली. आधी गोड, मग तिखट. आणि मग जिभेच्या टोकापासून मुंग्या चढत गेल्या.

राही जमिनीवर बसली आणि तोंडावर पदर धरून रडू लागली. मनस्विनीबाई कढईखालचा गॅस बंद करून उभ्या राहिल्या. गावभर नावाजलेली ती कचोरी 'फडणिसांच्या आईच्या हातची' म्हणून खपली होती. ती करत होती चिमा.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात कचोऱ्या घेऊन त्या रावजी फडणिसांकडे गेल्या. रावजी ऐंशीचे. मुलगा मुंबईला, घरात ते आणि बायको उमाकाकू दोघंच. वेचक शब्दांत बोलणारा, पांढऱ्या धोतराचा माणूस. आळीतले लोक अजून त्यांना वाकून नमस्कार करत.

"राहीला टपरीवर ठेवायच्यात," मनस्विनीबाई म्हणाल्या. "म्हटलं, तुम्ही पास करा आधी."

रावजींनी एक घास घेतला आणि कचोरी बशीत ठेवून दिली.

"ठीक आहे. आईच्या हातची सर नाही."

"आणि चिमा?"

"चिमा भांडी घासायची. भूकंपानंतर चार दिवसांनी गेली. तोवर रोज कामावर होती. जाताना सांगूनसुद्धा गेली नाही."

उमाकाकूंनी मात्र कचोरी खाल्ली आणि त्यांचे डोळे विस्फारले. "अगो बाई! हीच ती! काय घातलंस गो ह्यात? मी मेली किती तऱ्हा करून बघितल्या त्या दिवाळीत. आलं घाल, मिरी घाल, सुंठ घाल…"

"उमा," रावजी म्हणाले, "चहा टाक."

उमाकाकू उठून आत गेल्या त्या चहा घेऊन आल्याच नाहीत.

तिथून मनस्विनीबाई भाट्याला गेल्या. बाबल्या एका झोपडीवजा घरात राहत होता. डावा हात कोपरापासून वाकडा. चिमाचं नाव काढताच तो घरात निघाला होता, पण डब्याच्या वासानं दारातच थांबला.

"मी बोटीवर चडलो तो एकटाच," तो म्हणाला. "दोन वर्षांनी परत आलो तर तिच्या भावांनी हा हात मोडला. लोकांनी मना एक बायको दिली, बाय, जी मना कदी मिलालीच नाय."

"तुझी-तिची ओळख कशी?"

"मी होडीतून लाकडं आणायचो हाटेलात. मागल्या दारानं आत टाकायचो. ती चुलीपाशी बसलेली असायची, हातावर कचोरी ठेवायची. ऐन दिवालीत एकदा फडणीस म्हणाले, लाकडं भायेर उतरव, दार उगडायचं नाय. मना वाटलं, आमचं बोलणं त्यांना रुचलं नाय."

"मग पुन्हा दिसली तुला?"

"नाय."

मनस्विनीबाई परतल्या. बाबल्या खरं बोलत असेल, नसेलही. ज्याच्यावर आळ आहे त्याच्या एकट्याच्या शब्दावर कोर्ट एक पाऊलही पुढं टाकत नाही, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

संध्याकाळी शेजारचे अण्णा बेहेरे आले. कॉलेजातून निवृत्त झालेले संस्कृतचे प्राध्यापक. मूळचे सांगलीकडचे, पण उभी हयात रत्नागिरीत गेली. डब्यात एक कचोरी उरली होती ती त्यांनी चावून खाल्ली आणि तोंड वाकडं केलं.

"ही सुखनिवासची? छे हो. तिच्यात जीभ बधिर करणारं काही नव्हतं. आल्याचा तिखटपणा होता. मी रोज खाल्लीय, माझी खात्री आहे."

"अण्णा, मीसुद्धा रोज खाल्लीय."

"मग आपल्यातलं एक कुणीतरी म्हातारं झालंय," अण्णा हसून म्हणाले.

मनस्विनीबाई हसल्या नाहीत. "तुम्ही रत्नागिरीत कधी आलात?"

"सदुसष्टच्या नोव्हेंबरात. दिवाळीची सुट्टी संपल्यावर रुजू झालो. महिनाभरात भूकंप. पहाटे सगळे रस्त्यावर! त्या सकाळी फडणिसांनी सगळ्यांना चहा आणि कचोरी दिली होती, ती चव कशी विसरेन?"

"आणि मी," मनस्विनीबाई सावकाश म्हणाल्या, "लघुलेखन शिकायला पुण्याला गेले ती त्याच वर्षी, भाऊबिजेनंतर दोन दिवसांनी. माझी शेवटची कचोरी दिवाळीच्या आठवडाभर आधीची."

 दोघांच्या आठवणी खऱ्या होत्या. मध्ये फक्त एक दिवाळी होती.

४

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मनस्विनीबाई हातखंब्याला गेल्या. राही टपरीवर बटाटे सोलत होती.

"राही, नीट आठवून सांग. आईची शेवटची कचोरी तू कधी खाल्लीस?"

"गणपतीला. गावी आलीवती तवा."

"त्यानंतर?"

"दिवाळीला आवस आलीच नाय. आजी बगायला गेली. फडणीस म्हणले, गिऱ्हाईक लय हाय, सोडता येत नाय. पोरीसाठी म्हणून पुडा दिला." राहीच्या हातातली सुरी थांबली. "मी एक खाल्ली आनि म्हटलं, ह्या आयच्या नायत. आजीनं माज्या थोबाडीत मारली. म्हणली, आय काम करून मरतेय नि तुला चव पायजे."

मनस्विनीबाई बाकड्यावर बसल्या. रस्त्यावरून ट्रक जात होते, धूळ उडत होती. आठ वर्षांच्या पोरीनं त्याच दिवाळीत खरं सांगितलं होतं आणि ते ऐकायला कुणी तयार नव्हतं.

"चल," त्या म्हणाल्या. "टपरी बंद कर."

फडणिसांच्या घरी पोचल्यावर राही आत यायला तयार होईना. "मी त्यांच्या तोंडाकडं बगून ऐकू शकणार नाय," म्हणाली आणि पडवीत खांबाला टेकून बसली. मनस्विनीबाई एकट्याच माजघरात गेल्या. पुरचुंडी त्यांनी रावजींच्या समोर ठेवली.

"ही चिमाच्या पेटीत होती. कचोरीतली झिणझिण हिची. तुमच्या आईला तिरफळ माहीत नव्हतं, काकूंनाही नाही. म्हणजे कचोरी करत होती चिमा. ती दाराआड होती तोवर कचोरीत तिरफळ होतं. माझ्या जिभेवर ते दिवाळीच्या आधी आहे. अण्णा बेहेऱ्यांच्या जिभेवर ते दिवाळीनंतर नाही. राहीनं तुमच्या दिवाळीच्या पुड्यातली कचोरी खाऊन सांगितलं की ही आईची नाही. आणि काकू, काल तुम्हीच म्हणालात, त्या दिवाळीत किती तऱ्हा करून बघितल्या. चिमा चुलीपाशी होती तर कचोरी तुम्ही का करत होतात?"

उमाकाकूंनी मान खाली घातली.

"तिच्याकडचं तिरफळ संपलं असेल," रावजी म्हणाले.

"पुरचुंडी अर्धी भरलेली आहे."

रावजींनी पुरचुंडी बोटानं दूर सारली.

"ती दिवाळीतच तुमच्या स्वयंपाकघरातून नाहीशी झाली. पण तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की भूकंपापर्यंत रोज कामावर होती. दीड महिना तुम्ही एक बाई जिवंत असल्याचं सोंग चालवलंत, कारण तिला पळवायला कुणी सापडत नव्हतं. बाबल्या डिसेंबरात बोटीवर चढला आणि तुमची सोय झाली. लुगडी, फणी, पोरीचा परकर, सगळं मागं ठेवून ती कुठं गेली, काका?"

"पस्तीस वर्षांनी कचोरीच्या चवीवर खटला चालवणार तू?"

"कोर्टात हे टिकणार नाही. ते मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

"मग ऊठ."

मनस्विनीबाई उठल्या नाहीत. उमाकाकूंनी हात पुढं करून पुरचुंडीतलं एक तिरफळ उचललं, चिमटीत धरून उजेडात पाहिलं.

"एवढंच होतं होय," त्या म्हणाल्या. "लिहून घे गो, मनस्विनी. मी सांगत्ये."

"उमा!"

"ओरडा. पस्तीस वर्षं तुमचं ऐकलं."

५

मनस्विनीबाईंनी पिशवीतून वही आणि पेन्सिल काढली. हात सवयीनं चालू लागला.

धनत्रयोदशीचा दिवस. मोठी मागणी होती, दोन कढया चढवलेल्या. चुलीचा एक दगड ढिला होता. तो बसवून घ्या, असं चिमा श्रावणापासून सांगत होती. कढई कलंडली. तेल छातीवर, गळ्यावर, तोंडावर आलं. दवाखाना दहा मिनिटांवर होता.

"मी म्हटलं, टांगा बोलवा," उमाकाकू सांगत होत्या. "हे म्हणाले, तिथं विचारतील, भांडी घासणारी बाई कढईपाशी काय करत होती. पाटीवर काय लिहिलंय आपल्या? कोठीच्या खोलीत तिला निजवली. वैद्याकडचं मलम आणलं, तेही माझा हात भाजला म्हणून सांगून. नऊ दिवस जगली. पहिल्या रात्रीनंतर तिची वाचाच गेली. शब्द नाही निघाला. नुसते डोळे उघडे ठेवून पडलेली असायची. दहाव्या दिवशी पहाटे ह्यांनी आणि धाकट्या भावोजींनी गाडीत घालून इथं मागल्या बागेत आणली. खालच्या अंगाला, विहिरीपलीकडे. तिथंच अग्नी दिला. पेटी मी माळ्यावर ठेवली. टाकून द्यायला सांगितलेली ह्यांनी. माझ्यानं झालं नाही."

रावजी बोलले तेव्हा आवाजात राग नव्हता, म्हातारपण होतं.

"मी वाईट माणूस नव्हतो, मनस्विनी. तिला पगार देत होतो, जेवायला घालत होतो. पण तूच सांग. कुणब्याची बाई करते हे कळलं असतं तर तुझ्या वडिलांनी तुला माझ्या हाटेलात पाऊल टाकू दिलं असतं?"

मनस्विनीबाईंची पेन्सिल थबकली. वडील त्यांच्या डोळ्यांसमोर आले. सोवळ्यातले, शिस्तीचे, रविवारी स्वतः कचोरीचा पुडा घेऊन येणारे.  त्यांनी तोही प्रश्न जसाच्या तसा लिहून घेतला.

"सही करा," त्या एवढंच म्हणाल्या. उमाकाकूंनी केली. मग वही त्यांनी नवऱ्यापुढं धरली आणि तो सही करीपर्यंत धरून ठेवली.

तेवढ्यात राही आत आली. बाहेर तिला किती ऐकू गेलं होतं कोण जाणे. रावजींकडे तिनं पाहिलंच नाही. ती उमाकाकूंच्या समोर उकिडवी बसली.

"नऊ दिवस तुमी तिच्यापाशी व्हता?"

"होते गो."

"तिनं माजं नाव घेतलं काय कदी?"

उमाकाकूंचे ओठ हलले. त्यांनी एकदा मनस्विनीबाईंकडे पाहिलं आणि मग राहीच्या डोक्यावर हात ठेवला.

"रोज घ्यायची," त्या म्हणाल्या. "राही, राही करायची सारखी."

राहीनं मान हलवली. एकदा, दोनदा. मग ती उठून बाहेर गेली आणि विहिरीच्या दिशेनं बागेत चालू लागली. तिच्यामागून जायचं धाडस कुणाला झालं नाही.

६

पोलिसांत जायचं का, हे मनस्विनीबाईंनी तिला दोनदा विचारलं. राही नको म्हणाली. "त्यांना आत टाकून मना काय मिळणार? शिमग्याला सगळं गाव येतं. मुंबैचे चाकरमानी येतात. तवा हा कागद सगळ्यांसमोर वाचा. आनि बाबल्याला आणा."

वहीतल्या खुणांवरून स्वच्छ प्रत काढायला मनस्विनीबाई रात्री टंकयंत्रापाशी बसल्या. एकेक ओळ उतरत गेली. धनत्रयोदशी, ढिला दगड, दवाखाना, मलम. मग ती ओळ आली: पहिल्या रात्रीनंतर तिची वाचाच गेली.

चौतीस वर्षांत त्यांनी कुणाच्या जबाबातला एक शब्द गाळला नव्हता. खुनी माणसाचाही नाही. एकदा न्यायाधीशांनी सुचवलं होतं तेव्हासुद्धा त्या नाही म्हणाल्या होत्या.

त्यांनी ती ओळ सोडून दिली. तिच्या पुढच्या दोनही सोडल्या. 'नऊ दिवस जगली' ह्या ओळीपुढं त्यांनी, सह्यांनंतर उमाकाकूंनी राहीला दिलेलं उत्तर वर आणून बसवलं.

शिमग्याला गावच्या सहाणेच्या चौथऱ्यावर पालखी बसली होती. ढोल थांबवले. चिमाचा एक भाऊ अजून हयात होता, त्याला खुर्ची दिली होती. बाबल्या लोकांच्या मागं, वाकडा हात दुसऱ्या हातात धरून उभा होता. राहीनं त्याला दंडाला धरून पुढं आणलं आणि भावाच्या शेजारी बसवलं. 

मनस्विनीबाईंनी चष्मा चढवला. कोर्टात वाचायच्या तशाच, ना वर ना खाली अशा आवाजात त्यांनी कागद वाचायला सुरुवात केली. दगडाचं वाचलं तेव्हा म्हाताऱ्या भावानं डोकं हातांत धरलं. पाटीचं वाचलं तेव्हा कुणीतरी मागं थुंकलं.

"नऊ दिवस जगली," त्यांनी वाचलं. राही अगदी समोर बसली होती, ओठ घट्ट मिटून, पुढची ओळ आधीच पाठ असल्यासारखी.

"नऊही दिवस मुलीचं नाव घेत होती," मनस्विनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कुठंही हलला नाही.